डायव्हिंग आणि कान: दाब जुळवण्याच्या चाचणीविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

डायव्हिंग शिकायचे ठरले की माणूस पोहणे सुधारतो, श्वासाचा सराव करतो, कधी हृदयाचा आलेखही काढून घेतो. कान आठवतो तो दोन मीटर खाली गेल्यावर. डायव्हरांना होणाऱ्या इजांमध्ये सर्वाधिक आढळणारी इजा मात्र मध्यकर्णाचीच असते. मी कान तपासतो आणि स्वतः डायव्हही करतो, त्यामुळे दोन्हीकडचे प्रश्न माझ्यापाशी साचत गेले. त्यांपैकी पुन्हा पुन्हा येणारे इथे घेतले आहेत.

कान ‘मोकळा होतो’ म्हणजे आत नेमके काय होते?

कानाच्या पडद्यामागे हवेने भरलेली एक छोटी खोली असते. तिला मध्यकर्ण म्हणतात. तिच्यात हवा साधारण एक मिलिलिटर. मागच्या हाडातल्या पोकळ्या धरल्या तर आणखी थोडी. या खोलीला दार एकच, ते म्हणजे नाकाच्या मागे घशाच्या वरच्या भागात उघडणारी, सुमारे साडेतीन सेंटीमीटर लांबीची युस्टेशियन नलिका. सोळाव्या शतकातील इटालियन शरीरशास्त्रज्ञ बार्तोलोमेओ युस्टाची याचे नाव तिला मिळाले आहे.

हे दार एरवी मिटलेले असते. आवंढा गिळला किंवा जांभई दिली की टाळूचे स्नायू ते क्षणभर ओढून उघडतात आणि आतबाहेरचा दाब सारखा होतो. दिवसातून शेकडो वेळा हे घडते आणि आपल्याला पत्ताही लागत नाही. पाण्याखाली बाहेरचा दाब इतक्या झपाट्याने वाढतो की हे आपोआप उघडणे पुरत नाही. मग आपणच हवा आत पोहोचवायची. डायव्हर त्याला ‘इक्वलाइझ करणे’ म्हणतात. चाचणीत बघायचे ते एवढेच: हे दार सहज, हवे तेव्हा, आणि दोन्ही बाजूंना उघडते का.

तीस मीटर खोल जाणाऱ्यांचे कान दुखत नाहीत आणि माझे दोन मीटरवर दुखतात. असे कसे?

दाबाची वाढ खोलीबरोबर सारखीच होते, दर दहा मीटरला एक वातावरण, म्हणजे समुद्रसपाटीवरच्या हवेचा असतो तेवढा दाब. आकुंचन मात्र सारखे होत नाही. पृष्ठभागावर एक लिटर असलेली हवा दहा मीटरवर अर्धा लिटर होते, वीस मीटरवर एक तृतीयांश आणि तीस मीटरवर पाव लिटर. म्हणजे पहिल्या दहा मीटरमध्ये हवा निम्मी झाली, आणि वीसपासून तीसपर्यंतच्या दहा मीटरमध्ये उरलेल्या हवेचा फक्त चौथा हिस्सा कमी झाला. कानाची खरी परीक्षा वरच्या थरातच असते. तीस मीटरवर निवांत दिसणाऱ्या माणसाने आपले कान पहिल्या पाच मीटरमध्येच सांभाळलेले असतात.

आता थोडे आकडे, कारण पुढची जवळजवळ सगळी उत्तरे त्यांवर उभी आहेत. एक मीटर पाणी म्हणजे साधारण ७५ मिलिमीटर पाऱ्याइतका दाब. आतबाहेर सुमारे ६० मिलिमीटरचा फरक पडला की बहुतेकांना दुखू लागते. फरक ९० च्या आसपास गेला की नलिकेचे मऊ तोंड दाबाने असे चिकटते की टाळूचे स्नायू ते उघडू शकत नाहीत. ९० मिलिमीटर म्हणजे जेमतेम सव्वा मीटर पाणी! छातीएवढ्या पाण्यात तळाशी बसलात आणि कान मोकळे केले नाहीत, तर दार बंद होऊन बसू शकते. पडदा फाटण्याची शक्यताही त्याच्या थोडे पुढे सुरू होते. कोणाचा दीड मीटरवर फाटतो, कोणाचा पाच-सहा मीटरपर्यंत टिकतो.

म्हणून ‘दुखले की इक्वलाइझ करा’ हा सल्ला चुकीचा आहे. दुखेपर्यंत थांबलात तर उशीर झालेलाच असतो.

प्रत्येकाने कोर्सआधी कानाची तपासणी करून घ्यायलाच हवी का?

नाही. कानाचा कसलाही पूर्वेतिहास नाही, विमानात त्रास होत नाही, नाक वर्षभर मोकळे असते, अशा माणसाला शिक्षकाच्या देखरेखीखाली उथळ पाण्यात सराव करणे हीच पुरेशी चाचणी आहे. आरोग्याची प्रश्नावली मात्र प्रामाणिकपणे भरा. कानाचे प्रश्न तिच्यात उगाच घातलेले नसतात.

तपासणी करून घ्या, जर लहानपणी कान वारंवार वाहत असेल, पडद्यावर किंवा कानामागच्या हाडावर शस्त्रक्रिया झाली असेल, ॲलर्जीने नाक बारमाही चोंदत असेल, एका कानाने कमी ऐकू येत असेल, कधी अचानक गरगरले असेल, किंवा आधीच्या एखाद्या डायव्हमध्ये कान अडला असेल. व्यवसाय म्हणून पाण्याखाली उतरणार असाल तर हा प्रश्नच उरत नाही, तिथे तपासणी सक्तीची असते.

घरच्या घरी तपासता येते का?

अंदाज नक्की घेता येतो. नाक चिमटीत धरा, तोंड मिटा आणि मेणबत्ती हलेल, विझणार नाही, इतक्याच जोराने नाकातून हवा सोडायचा प्रयत्न करा. दोन्ही कानांत ‘पुक्’ असा आवाज किंवा भरल्यासारखे वाटले, तर हवा पोहोचली. आता नाक सोडून आवंढा गिळा. भरलेपणा जायला हवा. जात नसेल तर हवा आत जाते पण सहज बाहेर येत नाही, हेही नोंदवून ठेवण्यासारखे आहे.

दुसरी कृती: नाक चिमटीत धरूनच आवंढा गिळा. कानात बारीक कडकड किंवा आत ओढल्यासारखे जाणवले, तर स्नायू दार उघडत आहेत. पहिल्या कृतीत दार हवेच्या जोराने ढकलले जाते, दुसऱ्या कृतीत ते स्वतः उघडते. म्हणून मला दुसरीचे महत्त्व जास्त वाटते. मात्र ती न जमणारे अनेक लोक आरामात डायव्ह करतात, तेव्हा तेवढ्यावरून खचून जाऊ नका.

एकदा जमले म्हणजे झाले असे समजू नका. ओळीने दहा वेळा, प्रत्येक वेळी तितक्याच हलक्या जोराने, दोन्ही कान एकदम मोकळे होतात का ते बघा. सकाळी बघा, रात्री आडवे पडून बघा, वेगवेगळ्या दिवशी बघा. आठवड्याची अशी नोंद डॉक्टरपुढे ठेवलीत तर अर्धे निदान तिथेच होते. सर्दी असताना मात्र हा प्रयोग करू नका, नाकातला दूषित शेंबूड तुम्ही स्वतःच कानात ढकलाल. डोळ्याची शस्त्रक्रिया नुकतीच झाली असेल तर जोर लावण्याच्या सगळ्याच कृती आधी डॉक्टरांना विचारून करा.

विमान उतरताना माझे कान दुखतात. मग डायव्हिंग विसरायचे का?

लगेच नको. पण इशारा गंभीरपणे घ्या. विमान कितीही उंच उडत असले तरी आतला दाब साधारण २,४०० मीटर उंचीवर असावा इतका राखलेला असतो. तिथून जमिनीवर येईपर्यंत कानावर एकूण जेवढा दाब वाढतो, तो अडीच मीटर पाण्यापेक्षा किंचित जास्त भरतो. विमान तो वीस-पंचवीस मिनिटांत वाढवते, डायव्हर तेवढाच दाब पंधरा सेकंदांत अंगावर घेतो.

त्यामुळे विमानात दर वेळी दडे बसत असतील आणि दिवसभर सुटत नसतील, तर कान आधी दाखवा. सर्दी असतानाच एखाददा दुखले असेल, तर ते सर्दीचे दुखणे आहे. आणि विमानात काहीच होत नाही म्हणून पाण्यातही होणार नाही, असा उलटा निष्कर्षही काढू नका.

कान-नाक-घसा तज्ज्ञ नेमके काय तपासतात?

आधी विचारपूस. माझ्या मते चाचणीचा सगळ्यात मोलाचा भाग हाच, आणि सगळ्यात घाईने उरकला जातो तोही हाच. कोणता कान, किती खोलीवर, खाली जाताना की वर येताना, डोके खाली होते की पाय, त्या दिवशी नाक कसे होते, नंतर किती वेळ बधिर वाटले? ‘कान दुखतो’ एवढेच सांगणाऱ्यापेक्षा ‘उजवा, तीन मीटरवर, डोके खाली असताना’ असे सांगणाऱ्याला उपाय लवकर सापडतो.

नलिकेच्या त्रासासाठी सात प्रश्नांची एक प्रमाणित प्रश्नावलीही वापरतात. गेल्या महिन्याभरातील दाब जाणवणे, दुखणे, दडे बसणे, सर्दीत होणारा त्रास, कडकड आवाज, कानात नाद आणि ऐकू कमी येणे यांना एक ते सात गुण द्यायचे. बेरीज १४.५ किंवा त्याहून जास्त झाली तर नलिका नीट चालत नसावी असे मानतात. ती रोजच्या आयुष्यातल्या तक्रारींसाठी बनली आहे, डायव्हरसाठी नाही. जमिनीवर कसलीच तक्रार नसलेला आणि पाण्यात अडणारा माणूस तिच्यातून सहज निसटतो.

मग दुर्बिणीने पडदा बघतात. मळ काढतात, जुने भोक, पातळ झालेला भाग, आत ओढलेला पडदा शोधतात. त्यानंतर पडद्यावर नजर ठेवूनच तुम्हाला नाक दाबून हवा भरायला सांगतात. हवा पोहोचली की पडदा बाहेरच्या बाजूला टच्कन हलताना दिसतो. साधी, बिनखर्चाची चाचणी, पण तुमच्या ‘हो, झाला मोकळा’ या सांगण्यापेक्षा कितीतरी भरवशाची. कानात आवाज आला म्हणजे पडदा हललाच, असे नसते.

नाकातून बारीक दुर्बीण घालून नलिकेचे तोंड, नाकाचा वाकडा पडदा, वाढलेले मांस आणि ॲलर्जीची सूज बघतात. कानाच्या तक्रारीचे मूळ नाकात असणे नेहमीचेच. शेवटी ऐकण्याची चाचणी. ती आज उपयोगी वाटत नसली तरी पुढे कधी आंतरकर्णाला, म्हणजे ऐकणे आणि तोल सांभाळणाऱ्या कानाच्या आतल्या भागाला, इजा झाली तर तुलनेला पहिला आलेख हाताशी असतो. नियमित डायव्ह करणाऱ्या प्रत्येकाकडे तो असावा.

टिम्पॅनोमेट्रीच्या कागदावर ‘टाइप ए’, ‘बी’, ‘सी’ लिहिलेले असते. त्याचा अर्थ काय?

कानात रबरी टोक घट्ट बसवून यंत्र बाहेरचा दाब कमीजास्त करते आणि पडदा कोणत्या दाबाला सगळ्यात सैल हलतो ते आलेखावर काढते. टाइप ए मध्ये टोक शून्याच्या आसपास येते, म्हणजे आतबाहेर दाब सारखा आहे. टाइप सी मध्ये टोक ऋण बाजूला सरकलेले असते, म्हणजे आतला दाब कमी आहे आणि नलिका वेळेवर उघडत नसावी. टाइप बी सपाट असतो. मध्यकर्णात पाणी, पडद्याला भोक किंवा नुसता मळ, यांपैकी काहीही असू शकते. कोणते ते कानाच्या पोकळीच्या आकड्यावरून आणि दुर्बिणीने कळते. बी आला तर कारण कळेपर्यंत पाण्याखाली जायचे नाही.

डायव्हरसाठी एकच आलेख पुरेसा नाही. एक आलेख विश्रांतीत काढतात, दुसरा नाक दाबून आवंढा गिळल्यावर, तिसरा नाक दाबून हवा भरल्यावर. टोक दर वेळी सरकले तर नलिका हुकूम ऐकते. तिन्ही आलेख एकावर एक बसले, तर दार त्या क्षणी उघडले नाही. रिपोर्ट हातात घेताना हे तीन आलेख आहेत का ते बघा. नसतील तर तशी चाचणी मागून घ्या.

नऊ टप्प्यांची चाचणी म्हणतात ती वेगळी आहे का?

यंत्र तेच, पद्धत जास्त चिकाटीची. कानाच्या बाहेरून दाब वाढवतात, त्या अवस्थेत तुम्ही आवंढे गिळता, मग दाब मूळपदावर आणून आलेख काढतात. पुन्हा गिळून पुन्हा आलेख. नंतर हेच सगळे उलट दिशेने, दाब कमी करून. पहिला आणि शेवटचा आलेख धरून टप्पे नऊ होतात. नलिका दोन्ही दिशांना, नुसत्या गिळण्याने, दाब जुळवू शकते का ते यातून समजते. पडदा शाबूत असेल तरच ही चाचणी करता येते.

माझा आलेख टाइप ए होता, डॉक्टर म्हणाले ‘छान’, तरी पाण्यात कान अडला. चाचणी चुकली का?

चाचणी चुकली नाही, तिचा आवाकाच तेवढा आहे. बहुतेक यंत्रे बाहेरचा दाब जास्तीत जास्त उणे ४०० डेकापास्कलपर्यंत नेतात. एक मीटर पाणी म्हणजे सुमारे १,००० डेकापास्कल. म्हणजे दवाखान्यातले यंत्र तुमच्या कानाला सुमारे चाळीस सेंटीमीटर पाण्याइतकाच फरक दाखवते. बादलीएवढ्या खोलीवरून समुद्राचा अंदाज बांधायचा, तर थोडी चूक होणारच.

शिवाय यंत्रापुढे तुम्ही खुर्चीत ताठ बसलेले असता, घसा ओला असतो, कसली घाई नसते. पाण्यात डोके खाली, मुखवट्याच्या मऊ नाकातून धरलेली चिमूट, सिलिंडरच्या कोरड्या हवेने सुकलेला घसा, गार पाणी, आणि पुढे निघून गेलेला जोडीदार. डोके खाली असले की नलिकेभोवतालच्या शिरा रक्ताने फुगतात आणि दार आणखी जड होते. त्यामुळे जमिनीवर ‘पास’ होऊन पाण्यात अडणारे लोक असतात, तसेच जमिनीवर आलेख न सरकलेले पण पाण्यात बिनतक्रार उतरणारेही असतात. एकाही चाचणीवरून ‘हा माणूस डायव्ह करू शकेल की नाही’ हे खात्रीने सांगता येत नाही. चाचणी धोक्याचे कान वेगळे काढते. चांगल्या कानांना ती कसलीही हमी देत नाही.

प्रेशर चेंबरमधली चाचणी कशी असते?

नौदलांत आणि व्यावसायिक डायव्हिंगमध्ये उमेदवाराला धातूच्या बंद कक्षात बसवून हवेचा दाब वाढवतात. अमेरिकन नौदलात ६० फूट, म्हणजे सुमारे १८ मीटर पाण्याइतक्या दाबाची चाचणी घेतात. बरोबर एक जाणकार आत असतो. दाब वाढू लागला की कक्ष गरम होतो, आवाजही बराच असतो, आणि सुरुवातीच्या काही मीटरमध्ये कान सतत मोकळे करावे लागतात. त्रास झाला की हात वर करायचा. दाब थांबवतात, थोडा कमी करतात, पुन्हा प्रयत्न करू देतात.

इथे लोक एक मूर्खपणा करतात: अपात्र ठरू या भीतीने हात वर करत नाहीत. दुखणे दाबून ठेवतात आणि पडदा रक्ताळून बाहेर येतात. चाचणीनंतर डॉक्टर पडदा बघतातच. म्हणजे अपात्र ठरायचे ते ठरतात, वर इजाही घेऊन जातात. थांबवायला सांगणाऱ्याला कोणी लगेच नापास करत नाही.

हौशी डायव्हरला अशा चाचणीची सहसा गरज नसते. कक्षातली चाचणी पाण्याच्या सगळ्यात जवळ जाणारी खरी, पण तिथेही अंग कोरडे आणि डोके वरच असते.

व्हाल्साल्वा, फ्रेन्झेल, टॉयन्बी… चाचणीला यातले काय यायला हवे?

निदान दोन यावेत. नाक दाबून छातीच्या जोराने हवा भरणे म्हणजे व्हाल्साल्वा. इटालियन वैद्य अंतोनियो मारिया व्हाल्साल्वाने १७०४ मध्ये ही कृती सांगितली ती डायव्हरसाठी नाही, तर फाटक्या पडद्यातून कानातला पू बाहेर काढण्यासाठी! शिकायला सगळ्यात सोपी, आणि जास्त जोर लावण्याचा मोहही हिच्यातच सगळ्यात जास्त.

नाक दाबून आवंढा गिळणे म्हणजे टॉयन्बी, एकोणिसाव्या शतकातील इंग्रज कर्णतज्ज्ञ जोसेफ टॉयन्बी याच्या नावाने. सौम्य कृती, पण भराभर उतरताना अपुरी पडते.

फ्रेन्झेलमध्ये छातीचा संबंधच नाही. घसा बंद करायचा, नाक दाबायचे आणि जिभेचा मागचा भाग वर-मागे ढकलून तोंडातली हवाच नलिकेकडे रेटायची. हर्मान फ्रेन्झेल या जर्मन डॉक्टरने ती झपाट्याने खाली सूर मारणाऱ्या लढाऊ वैमानिकांसाठी शिकवली. डोके खाली ठेवून श्वास रोखून उतरणाऱ्यांना तिच्यावाचून गत्यंतर नाही. ती आली की नाही हे बघायची युक्ती सोपी आहे: नाक चिमटीत धरा, श्वास पूर्ण सोडून छाती रिकामी ठेवा आणि मग कान मोकळे करून बघा. छातीत हवा नसतानाही कान मोकळे झाले तर काम जिभेने केले. नाकपुड्या फुगताना आणि कंठमणी वर जाताना आरशात दिसतो.

नाक न धरता, फक्त टाळूच्या स्नायूंनी दार उघडणारेही काही भाग्यवान असतात. सरावाने थोडे जमते, पण सगळ्यांना नाही. मला जमत नाही.

जोर किती लावायचा?

एका वेळी दोन-तीन सेकंद, गाल न फुगवता. नाही झाले तर अर्धा-एक मीटर वर या, मान अडलेल्या कानाच्या विरुद्ध बाजूला कलवा म्हणजे तो कान वर येईल, जबडा हलवा, पुन्हा बघा. दोन-तीनदा वर येऊनही होत नसेल तर त्या दिवसाचा डायव्ह संपला.

जोराचे भय पडद्यापुरते नाही. नलिका चिकटलेली असताना छातीतून जोर लावला की डोक्यातल्या द्रवाचा दाब वाढतो आणि तो आंतरकर्णापर्यंत जातो. मध्यकर्णात आधीच दाब कमी असतो. या ओढाताणीत आंतरकर्णाच्या खिडकीचा नाजूक पडदा फाटू शकतो. मग अचानक ऐकू कमी येणे, कानात मोठा नाद, गरगरणे आणि उलटी. मध्यकर्णाची इजा बहुधा भरून येते, आंतरकर्णाची कायमची राहू शकते. अशी लक्षणे दिसली तर ‘उद्या बघू’ म्हणू नका, त्याच दिवशी डॉक्टर गाठा. डायव्हनंतरचा असा त्रास डिकम्प्रेशनच्या आजारानेही (दाब कमी होताना शरीरात वायूचे बुडबुडे तयार होण्याने) होतो आणि दोन्हींचे उपचार वेगळे आहेत, तेव्हा डॉक्टर डायव्हिंगचे जाणकार असलेले बरे.

एकच कान अडतो. हे नॉर्मल आहे का?

फार लोकांचे असे असते. माझाही उजवा कान डाव्याच्या मागून येतो. मी उतरताना त्याची वाट बघतो, एवढेच. मात्र अलीकडे सुरू झाले असेल तर नाकाची त्या बाजूने तपासणी करा.

सर्दी झाली आहे आणि डायव्ह आधीच ठरलेला आहे. नाकात थेंब घालून जाऊ का?

नको. थेंबांनी सूज उतरते, कान मोकळा होतो, तुम्ही खाली जाता. मग खालीच औषधाचा अंमल ओसरला की आतली हवा वर येताना अडकते. खाली जाताना अडलात तर परत वर येता येते. वर येताना अडलात तर हवा संपेपर्यंतच मुदत असते. शिवाय हे थेंब आठवडाभर घालत राहिले की नाक उलट जास्त चोंदू लागते. ॲलर्जीवाल्यांना डॉक्टर देतात ते स्टेरॉइडचे फवारे वेगळे. त्यांचा गुण दिसायला काही दिवस लागतात, म्हणून ते प्रवासाआधी पुरेसे लवकर सुरू करावे लागतात.

चाचणीच्या दिवशीही थेंब घालून येऊ नका. मला तुमचे नाक बघायचे आहे, औषधाचा परिणाम नाही.

वर येताना कान दुखला आणि जग फिरले. हेही इक्वलाइझ न झाल्यामुळेच का?

हो, उलट्या दिशेने. फुगणारी हवा एका कानातून निघाली आणि दुसऱ्यातून निघाली नाही की दोन्ही आंतरकर्णांना वेगवेगळा निरोप जातो आणि गरगरते. बहुधा काही सेकंदांत, फार तर मिनिटांत थांबते. काहीतरी घट्ट धरा, थोडे खाली जा, आवंढा गिळा, हळू वर या. वर येताना नाक दाबून हवा भरू नका, आत आधीच जास्त आहे.

पडद्याला भोक आहे, किंवा पूर्वी शस्त्रक्रिया झाली आहे. चाचणी देऊन बघू का?

उघडे भोक किंवा पडद्यात बसवलेली नळी असेल तर डायव्हिंग नाही, मग इक्वलाइझ कितीही सुंदर होवो. गार पाणी मध्यकर्णात शिरले की तीव्र चक्कर येते आणि वर-खाली कुठे तेच कळत नाही. भोक भरून आले असेल, किंवा पडदा शस्त्रक्रियेने नीट बसला असेल आणि हलका जोर लावल्यावर हलतो असे दिसले, तर बऱ्याच जणांना परवानगी मिळते. कानामागच्या हाडाची मोठी शस्त्रक्रिया होऊन पोकळी उघडी राहिली असेल तर सहसा नकार. मध्यकर्णातल्या रिकिबीच्या हाडाची शस्त्रक्रिया झालेल्यांबाबत डॉक्टरांत एकमत नाही, तिथे जाणकाराचेच मत घ्या. आणि ज्यांना एकाच कानाने ऐकू येते, त्यांना मी डायव्हिंग करू नका असेच सांगतो. तो एक कान पणाला लावण्याजोगे पाण्याखाली काही नाही.

पोहताना वापरतो ते बोळे कानात घातले तर दाब लागणार नाही ना?

उलट होईल. बोळा आणि पडदा यांच्यामध्ये हवा अडकेल, ती आकुंचन पावेल आणि बोळा आत रुतेल किंवा पडदा बाहेर ओढला जाईल. घट्ट टोपीने कान झाकला गेला तरी हेच होते. टोपीत कानापाशी थोडे पाणी शिरू द्या.

डॉक्टरांनी ‘टीड ग्रेड दोन’ लिहिले आहे. किती दिवस थांबायचे?

टीड हे अमेरिकन नौदलातले डॉक्टर. १९४४ मध्ये त्यांनी पडद्याच्या इजेची प्रतवारी मांडली, पुढे तिच्यात थोडी भर पडली. शून्य म्हणजे त्रास आहे पण पडदा स्वच्छ. एक म्हणजे लाली. दोन म्हणजे लालीबरोबर पडद्यात थोडे रक्त. तीन म्हणजे बरेच रक्त. चार म्हणजे मध्यकर्णात रक्त साचून पडदा काळसर आणि फुगलेला. पाच म्हणजे भोक.

दिवस मोजण्यापेक्षा तीन गोष्टी पूर्ण होईपर्यंत थांबा. लक्षणे गेलेली असावीत, पडदा पूर्ववत दिसावा, आणि दुर्बिणीखाली हवा भरताना तो सहज हलावा. ग्रेड एकला काही दिवस पुरतात, दोनला बहुधा आठवडा-दोन आठवडे, तीन-चारला काही आठवडे. भोक असेल तर ते भरून येईपर्यंत. अनेकदा ते आपोआपच भरते, फक्त तोपर्यंत कानात पाणी जाऊ द्यायचे नाही. ‘दुखायचे थांबले’ म्हणून दुसऱ्याच दिवशी उतरणारे पुढच्या ग्रेडला पोहोचतात.

सरावाने फरक पडतो का, की हे जन्मजातच असते?

नलिकेचा आकार बदलत नाही, ती वापरण्याचे कसब बदलते. पाण्यापासून दूर असताना दिवसातून काही वेळा हलके इक्वलाइझ करा. नाकाने फुगवायचे फुगे मिळतात, त्यांनी जोर नेमका किती लागतो ते कळते. डायव्हच्या सकाळपासूनच अधूनमधून कान मोकळे करा, पृष्ठभागावर एकदा करा, डोके बुडताच करा आणि मग दर अर्ध्या मीटरला. पहिले पाच मीटर पाय खाली ठेवून, दोरीला धरून उतरा. तपासणीत काहीच सापडले नाही अशा बहुतेक ‘अवघड’ कानांचे दुखणे मला एवढ्यानेच गेलेले दिसले. त्यांची अडचण कानात नव्हती, घाईत होती.

धूम्रपान करत असाल तर नलिकेच्या अस्तराची सफाई मंदावते. ते सोडल्याचा फायदा कानालाही होतो.

दहा-बारा वर्षांच्या मुलांची चाचणी वेगळी असते का?

लहान मुलांची नलिका आखूड आणि आडवी असते, साधारण सातव्या वर्षापर्यंत ती मोठ्यांसारखी होते. त्यामुळे दहा वर्षांच्या मुलाची तपासणी मोठ्यांसारखीच करतात. फक्त मूल ‘दुखतंय’ असे सांगायला लाजते का, ते आईवडिलांना विचारतो.

चाचणीचा दाखला किती दिवस चालतो?

कागद संस्थेच्या नियमानुसार चालतो, व्यावसायिकांना तो ठरावीक मुदतीने नव्याने घ्यावा लागतो. कान मात्र त्या दिवसापुरताच तपासलेला असतो. सर्दी, कानाचा संसर्ग, नाकाची शस्त्रक्रिया किंवा पाण्यात एखादा त्रासदायक डायव्ह झाला, की दाखल्याची मुदत उरली असली तरी पुन्हा तपासून घ्या.

तपासणीला येताना काय आणू?

जुने ऐकण्याचे आलेख, शस्त्रक्रियेची कागदपत्रे, चालू औषधांची नावे आणि डायव्हची नोंदवही. तुमचा मुखवटाही आणा. तो चढवून नाक चिमटीत नीट धरता येते का ते बघायचे असते. दोनदा असे झाले आहे की कान अगदी उत्तम होते, मुखवट्याचे नाकच बोटांत येत नव्हते.